खात्री केलेलं मीठ

साऱ्या सोलापूर शहरात मिठाला भिणारा माणूस एकच होता आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. विंचवाला, भुताला, कलेक्टरला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण पानात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलं की कपाळाला घाम फुटणारे आमचे दाजी एकटेच. ते एका हायस्कुलात सायन्स शिकवत. पहिल्याच धड्याला मुलांना सांगत, "सोडियम हा धातू. पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा वायू. लढाईत त्यानं माणसं मारली. ह्या दोघांची गाठ पडली की त्याचं मीठ होतं आणि ते आपण आमटीत घालतो." इथं थांबून ते रुमाल काढत आणि हलक्या आवाजात म्हणत, "आणि पाण्यात विरघळलं की ती गाठ सुटते, बरं का!" सुटल्यावर त्यांचे आयन होतात, म्हणजे विजेचा भार असलेले कण, आणि ते कुणाचं काही वाकडं करत नाहीत, हेही तेच शिकवत. मुलांना ते पटे. शिकायला त्यांच्याकडंच राहत होतो, त्या मलाही पटलं होतं. दाजींना स्वतःला तेवढं पटायचं राहिलं होतं.

त्यांचा सगळा भरवसा नावावर होता. "नाव ठाऊक नसलेली वस्तू ही वस्तूच नव्हे, तो धोका आहे," असं ते म्हणत. घरातल्या प्रत्येक बरणीवर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी असे आणि तीवर वळणदार अक्षरात रासायनिक नाव. तुरटीचं नाव इतकं लांब होतं की चिठ्ठी बरणीला वळसा घालून पुन्हा आरंभाशी येई. पानाच्या डब्यातल्या चुन्यालाही त्यांनी सोडलं नाही. अक्का, म्हणजे माझी बहीण, बिचारी विडा लावताना आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वाचून घेई. एकदा सात रस्ता चौकातून आम्ही टांग्यात बसलो. समोरच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर काळ्या रसाची बाटली होती, तीवर चिठ्ठी नव्हती. दाजींनी दोनदा घसा साफ केला आणि टांगा थांबवून चक्क खाली उतरले. म्हातारा मागून ओरडला, "अवो, काकवी हाय की! लेकीकडं चाललोय!" दाजी उरलेली वाट उन्हातून चालले. मी त्यांना यथेच्छ हसलो. हसण्यासारखं वयच होतं माझं.

शेजारी विणकरांचं एक मोठं तेलुगू कुटुंब राहत असे. घरातले वडीलधारे नरसय्या दाजींना पंतुलुगारू, म्हणजे मास्तरसाहेब, म्हणत आणि फार मानत. त्या सुमारास पक्का लाल रंग नव्यानं निघाला होता आणि त्यासाठी सोडियम नायट्राइट नावाची पांढरी पूड लागे. दिसायला मीठ, चवीला खारट, पण चमचाभर पोटात गेली तर माणूस निळा पडून दगावायचा. ती पूड नरसय्यांच्या स्वयंपाकघरात मिठाशेजारीच ठेवलेली पाहून दाजी दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी हात जोडून त्यांनी ती आपल्या ताब्यात मागून घेतली. "लागेल तेव्हा रंगापुरती मी मोजून देईन, पण घरात ठेवू नका." मग ती एका बरणीत घालून, तीवर नाव लिहून आणि लाल शाईनं फुली मारून, त्यांनी फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

पुढं सणाची साफसफाई निघाली. अक्कानं फडताळातलं सारं खाली काढलं, बरण्या बाहेरून ओल्या फडक्यानं खसखसून पुसल्या आणि एकूण एक चिठ्ठ्या सुटून आल्या. ती घाबरली. मी म्हणालो, "राहू दे गं. ज्याचं त्याला कळतं. मीठ काय चिठ्ठी वाचून आमटीत पडतं का?" तिला ते पटलं आणि बरण्या जागा दिसेल तशा परत गेल्या. दुसऱ्या दिवशी नरसय्यांच्या नातवाचं बारसं होतं. दुपारी दाजी शाळेतून आले ते थेट फडताळासमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

अक्कानं सांगितलं.

"दोन सारख्या बरण्या होत्या. इथं एकच आहे."

"शेजारची सून मीठ मागायला आली होती. त्यांच्यातलं संपलं म्हणून."

"तू कुठली दिलीस?"

"मी कुठं दिली? मीठ हातात देऊ नये, भांडण होतं. मी नुसतं फडताळाकडं बोट दाखवलं, तिनंच उचलली की!"

उरलेली बरणी काखेत मारून दाजी अनवाणी धावले. मी त्यांच्यामागं धावलो. अंगणात पंगत बसली होती, पानं वाढली होती, बाळ पाळण्यात होतं. "कुणी जेवू नका!" दाजी असे ओरडले की बाळ रडायला लागलं. नरसय्या उठून आले. "पंतुलुगारू, काय झालं? बसा की." दाजींनी मीठ नेलेली बरणी मागवली, दोन द्रोण घेतले आणि दोन्ही बरण्यांतलं चिमूट चिमूट त्यांत टाकलं. मग पानातलं लिंबू त्यांनी दोन्हींत पिळलं. एक द्रोण गप्प राहिला. दुसऱ्यात बुडबुडे आले आणि तांबूस, नाकाला झोंबणारा धूर निघाला. आंबट लागलं की रंगाची पूड अशी धुमसते, आणि हा धूर त्यांच्या काखेतून आलेल्या बरणीचा होता.

माझा जीव भांड्यात पडला. दाजींचा नाही पडला. "पुसताना इकडचं तिकडं झालं असलं तर?" असं पुटपुटत ते पहिल्या पानावर बसले. आयुष्यभर मिठाकडं संशयानं पाहिलेल्या त्या माणसानं सांबारभाताचा मोठा घास घेतला, गिळला आणि स्वतःची नाडी धरून डोळे मिटले. सारी पंगत त्यांच्याकडं बघत बसली. मधूनच ते आपली नखं उजेडात धरून निळी पडली का ते पाहत. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "आता जेवा." नरसय्यांनी पाळण्यातलं बाळ उचलून दाजींच्या मांडीवर ठेवलं.

चिठ्ठ्या पुन्हा न लावायची मसलत माझी होती, हे अक्कानं सांगितलं नाही आणि मलाही सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्याच दिवशी दाजींनी नवी चिठ्ठी लावली: सोडियम क्लोराइड, खाण्याचे. तेव्हापासून मीठ भरलं की ते लिंबू पिळून पाहत, चिमूटभर खात, वाट पाहत आणि चिठ्ठीखाली 'खात्री केली' असं लिहून सही करत. बरणीवर अशा चिठ्ठ्यांचा जाड थर जमला होता. ते गेले त्याच्या आठवडाभर आधीची सही सर्वांत वरच्या चिठ्ठीवर आहे. त्यानंतर बरणी कितीदा तरी भरली, पण तिची खात्री कुणी केलेली नाही. अक्काकडं जेवायला बसलो की पहिला घास मी घेतो, आणि ती वाढायची थांबून माझ्याकडं बघत राहते.