एका पायाचं दुकान

आमच्या घरात अकरा वर्षं एक दुकान चाललं. त्याला पाटी नव्हती आणि दारात कधी गिऱ्हाईक उभं राहिलं नाही. फोनवर एक पेज होतं आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेली खोकी. त्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवणार होते, ते राहूनच गेलं. दुकानाचा माल म्हणजे बूट, चपला, सँडल; पण जोड नव्हे. डावा नाहीतर उजवा, एकच.

आमचे हे चपलांच्या मोठ्या दुकानात सेल्समन. सव्वीस वर्षं लोकांच्या पायाशी बसून काढली आणि वर मलाच ऐकवायचे की माणूस चेहऱ्यापेक्षा पायावरून लवकर कळतो. मी म्हणायचे, मग लग्नाआधी माझे पाय नीट का नाही बघितलेत, एवढी भांडखोर बायको तरी टळली असती. हे नुसते हसायचे. भांडायला दोन माणसं लागतात आणि आमच्या घरात ते काम मी एकटी करते.

ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, त्यांना मीही दादाच म्हणते. ते बसवर कंडक्टर होते, सगळी नोकरी उभ्यानं केली. साखरेनं त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले. जाऊबाई आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. कृत्रिम पाय त्यांना सोसला नाही, जखमा व्हायला लागल्या, म्हणून मग दोन कुबड्या आणि एक बूट. ह्यांनी नवा जोड आणला तेव्हा दादांनी उजवा घातला आणि डावा कचऱ्याच्या बादलीत टाकला. दादा आत गेल्यावर ह्यांनी तो बादलीतून काढला, पुसला आणि दोन दिवस जेवणात लक्ष नाही. शेवटी आमच्या मुलीनं त्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला: डावा बूट, आठ नंबर, नवा, हवा त्यानं न्यावा. चौथ्या दिवशी एकाचा निरोप आला. त्याला उजवा पाय नव्हता.

मग हळूहळू लोक लिहायला लागले. एका पायासाठी अख्खा जोड घ्यायचा आणि अर्धा फेकायचा, असं इतक्या घरांत चाललं होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दादांनी एक जाड वही सुरू केली. पानाच्या एका बाजूला डाव्या पायाची माणसं, दुसऱ्या बाजूला उजव्या पायाची. नंबर आणि आवड जुळली की दादा पट्टी लावून दोघांमध्ये रेघ ओढायचे. रेघ ओढल्याशिवाय खोकं उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. कोणी कितीही घाई केली तरी दुसरा पाय मिळेपर्यंत थांबावं लागायचं. त्या दोघांना एकमेकांचं नाव मात्र कधी सांगायचं नाही. आपल्या पायाबद्दल कोणाला बोलायचं नसतं, दादा म्हणायचे, आणि ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं.

मी ह्या दुकानाला फार नावं ठेवली. पार्सलची चिकटपट्टी माझ्या पोळपाटाला चिकटायची, कुरिअरवाला नेमका फोडणी घातली की बेल वाजवायचा. "बंद करा एकदाचं," हे मी इतक्यांदा म्हटलं असेन की भिंतींनाही पाठ झालं असेल.

ह्या वर्षी दादांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. महिनाभर ड्रेसिंग केलं, औषधं बदलली. मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, हाही पाय काढावा लागेल, आणि नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. दादांना डॉक्टरांनीच सांगितलं. दादा फक्त "बरं" म्हणाले.

घरी आल्यावर हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. "पेजचं काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय विचारता?"

"ऑपरेशन होऊ दे, मग बघू. वही असली तर निदान त्यासाठी तरी दादा उठून बसेल."

"आणि ज्याला एकही पाय नाही त्यानं रोज दुसऱ्यांच्या पायांची चौकशी करायची?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"मग बंद करू?"

"मी कुठं तसं म्हटलं!"

"अगं, अकरा वर्षं तू तेच म्हणतेयस."

"म्हणत होते. आता नाही म्हणत."

चालू ठेवलं तर दादांच्या जखमेवर मीठ, बंद केलं तर तुम्ही आता चालणार नाही असं आम्हीच त्यांना सांगितल्यासारखं. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांवर चिडत राहिलो आणि पेजवर आलेल्या तीन ऑर्डरींना कोणी उत्तर दिलं नाही.

रविवारी सकाळी दादांनी आम्हाला बोलावलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, मांडीवर वही. कंडक्टर असताना तिकिटाशिवाय बसलेल्याला हटकायचे तो चेहरा.

"दुकान बंद करायचं. ऑपरेशनच्या आधी."

"दादा, एवढी घाई कशाला? तू बरा हो, मग—"

"घाई आहेच. आज मला बूट लागतो. आज मी ह्या दुकानाचं गिऱ्हाईक आहे. आत्ता बंद केलं तर मी बंद केलं असं होईल. नंतर केलं तर माझा पाय गेला म्हणून ते बंद पडलं. मला ते नको."

हे शेजारच्या खोक्यावरची धूळ हातानं पुसायला लागले.

"आणि मी नसलो वहीवर, तर तू काय करशील मला माहीत आहे. दहा वर्षं खोकी पुसत बसशील. ही बिचारी आणखी दहा वर्षं ओरडेल."

बिचारी मला कोणी आयुष्यात म्हटलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

पण नुसतं पेज काढून टाकायला दादा तयार नव्हते. रेघा अशाच टाकून जायचं नाही, म्हणाले. प्रत्येक रेघेवरच्या दोघांनाही विचारायचं, हो म्हणाले तर एकमेकांचे नंबर द्यायचे. पुढचा जोड त्यांचा त्यांनी घ्यावा आणि वाटून घ्यावा. आपण मधून निघायचं.

वहीत एकेचाळीस रेघा होत्या. हे कामावरून आल्यावर आणि मी दुपारी, असे आम्ही फोन लावून द्यायचो, बोलायचे दादाच. तिघांनी नंबर द्यायला नको म्हटलं. दादांनी त्यांना आग्रह केला नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंना कळलं की त्यांच्या सगळ्या सँडल कॉलेजातल्या एका मुलीबरोबरच्या आहेत. "तरीच!" त्या ओरडल्या. "तरीच माझी सून म्हणते, आई, तुमच्या सँडल फार फॅशनेबल असतात!" दादा पोट धरून हसले. उरलेले बूट ज्याचे त्याला पाठवत गेलो तशी खोलीतली खोकी कमी होत गेली, भिंत दिसायला लागली आणि मला ती भिंत अजिबात आवडली नाही.

एक रेघ दादांनी मागे ठेवली होती, वहीतली पहिली. त्यांची स्वतःची. तो पहिला डावा बूट ज्यानं नेला, त्यानंच पुढे दादांचा प्रत्येक डावा घातला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दादांनी तो नंबर लावायला सांगितला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा स्पीकर चालू होता.

"कोण बोलतंय?"

"तुमचा उजवा," दादा म्हणाले.

पलीकडून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. तो घड्याळं दुरुस्त करणारा माणूस होता. "अहो, अकरा वर्षं एका जोडात आहोत, आज आठवण झाली होय!"

"पुढे नाही जमायचं. मी परगावी चाललोय, मुलाकडे."

बाकी सगळ्या घरांशी खरं बोललेल्या दादांनी ह्या एका माणसाला खोटं सांगितलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"परगावी तर पार्सल येतंच की," पलीकडचा माणूस हळू म्हणाला. "ऑपरेशन कधी आहे?"

दादांचे ओठ हलले. "उद्या."

"मलाही साखर आहे हो."

महिनाभर ज्यांच्या डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं ते दादा तोंडावर हात घेऊन रडले. हे त्यांच्या खुर्चीशी खाली बसले, गिऱ्हाइकासमोर बसतात तसे, आणि त्यांनी दादांचा पाय दोन्ही हातांत धरला. मी फोन बंद करायला पुढे झाले तर पलीकडून आवाज आला, "असू द्या. मी आहे इथंच." आणि तो खरंच थांबला.

नंतर दादांनी नाक पुसून त्याला दुसऱ्या एका उजव्याचा नंबर लिहून घ्यायला लावला. माणूस चांगला आहे, फक्त काळाच रंग मागतो, अशी सूचनाही दिली. फोन ठेवताना तो म्हणाला, "उद्या आपला बूट घालून जा. मीही घालतो." संध्याकाळी ह्यांनी पेज बंद केलं. खात्री आहे का, असं फोननं दोनदा विचारलं.

सकाळी ह्यांनी दादांच्या बुटाला पॉलिश केलं आणि लेस बांधून दिली. दादा कुबड्यांवर एकटे जिना उतरले, कोणाला हात लावू दिला नाही.

त्यांना आत नेल्यावर आम्हाला खिडकीवर बोलावलं. तिथल्या बाईनं कपड्यांची पिशवी उघडून एकेक वस्तू कागदावर लिहिली. शर्ट, पँट, चष्मा. मग बूट हातात घेऊन ती पिशवीत पुन्हा चाचपायला लागली. "एकच दिसतोय. दुसरा कुठंय?"

ह्यांनी तिच्या हातातून बूट घेतला.

"दुसरा एका माणसाच्या पायात आहे," हे म्हणाले. "आत्ता चालत असेल."