चुगली न करणारा फोन

किल्ल्या बनवणाऱ्याच्या डब्यात बिनमालकाच्या किल्ल्या साठत जातात. माणूस बनवायला टाकतो आणि न्यायला येत नाही. टाकून द्यायचं म्हटलं तर हात धजत नाही. किस्स्यांचंही तसंच.

येरमाळ्याच्या स्टँडसमोर आमचं एका शटरचं दुकान. अर्ध्यात मी कुलपं-किल्ल्या करतो, अर्ध्यात माझी लेक रुक्मिण मोबाईल दुरुस्त करते. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं एसटीच्या पाट्यांवरनं शिकलो. तेव्हा जरा सावकाश सांगेन.

दोन वर्षांमागं रुक्मिणीनं नवंच काम सुरू केलं. कंपनीनं फोनात घालून दिलेली शिष्टीम काढायची आणि दुसरी घालायची.

"आबा, ह्यो फोन मंग कुणाला चुगली करत न्हाय. तुमी कुठं गेलता, कुणाशी बोललात, समदं ह्याच्याच पोटात ऱ्हातंय!"

"म्हंजे माझ्या बायकोपरास बरा!" नामदेव म्हणाला.

नामदेव माझा बालपणापासूनचा दोस्त. एसटीचा रिटायर ड्रायव्हर. सकाळी येतो, माझ्या स्टुलाशेजारी बसतो, संध्याकाळी उठतो.

*

पहिला बळी माझाच फोन. रुक्मिणीनं तो केबलनं कॉम्प्युटरला जोडला. कॉम्प्युटर म्हणतो, फोन कुठाय? सकाळची दुपार झाली. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फोनला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या.

"उतारावर नेऊन धक्का मारायचा का?" नामदेवनं विचारलं.

शेवटी कळलं, केबल नुसती चार्जिंगची होती. तिच्यातनं करंट जायचा, बाकी काही जायचं नाही. मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, कुलपावर हातोडा घालू नका, आधी किल्ली तपासा. घरच्या पोरीला तेवढं सांगायचं राहिलं!

*

सरूआत्या बांगड्यांची पाटी घेऊन बसते, आमच्या पायरीला लागून. तिच्या फोनात नवी शिष्टीम घातली. ही शिष्टीम प्रत्येक ॲपला दारात अडवते आणि मालकाला विचारते, आत घेऊ का? आत्यानं बॅटरीचं ॲप लावलं, उजेड पाडायचं. फोननं विचारलं, ह्याला तुमच्याकडचे नंबर बघायचेत, देऊ?

"आगं रुक्मे, उजेड पाडायला माझ्या भावाचा नंबर कशाला?"

"तेच तर आत्या! आधीच्या फोनात न इचारता घेत होते."

मग दुसऱ्या ॲपनं ठिकाण मागितलं. आत्या फणकारली, "कुठं चालले हे म्या सासूला कदी सांगितलं न्हाय. ह्या मेल्याला सांगू व्हय!"

*

एक पुढारी आला. नाव सांगत नाही, अजून निवडणुकीला उभा राहतो. विरोधक आपला फोन ऐकतात असा त्याला दाट संशय. रुक्मिणीनं दिवसभर बसून त्याचा फोन असा बंदिस्त केला की मुंगी शिरायची नाही. गडी खूश. दुकानाबाहेर पडला, स्टँडच्या मधोमध उभा राहिला आणि स्पीकर चालू करून ओरडला, "हां, बोल! कोण कोण फुटतंय आपल्याकडं?"

चार गावांच्या एसट्या उभ्या होत्या. सगळ्यांनी नावं ऐकली.

रुक्मिणीनं कपाळावर हात मारला. "आबा, फोन गप करता येतो. माणसाला कुठली शिष्टीम घालू?"

*

नवी शिष्टीम घालताना जुनं सगळं पुसलं जातं. म्हणून रुक्मिण प्रत्येकाला आधी विचारते, काय काय जपायचं?

आमच्या शेजारच्या वाशीकडचा एक शेतकरी आला होता. तिनं विचारलं, तसा तो बाकावर बसून फोन चाळायला लागला. लग्नं, बारशी, यात्रा, हजार-दीड हजार फोटो. आमचा दोन वेळचा चहा झाला तरी तो चाळतोयच. मग उठला आणि म्हणाला, "ताई, बैलाचा एक फोटू ठेवा. बाकी पुसा."

"आवं, माणसांचे?"

"माणसं हायत घरी."

बैल कधी विकला, हे न विचारता रुक्मिणीनं तो फोटो दोन ठिकाणी जपून ठेवला.

*

आता नामदेवचं.

त्याचा मुलगा बाळू. सात वर्षांमागं नोकरीच्या अर्जावरनं बापलेकांचं वाजलं आणि नामदेवनं त्याला ह्याच स्टँडवर, चारचौघांत, मुस्काडात मारली. पोरगं समोर लागलेल्या गाडीत चढलं आणि गेलं. तेव्हापासून वर्षातनं एकदा फोन करतं. आमच्या देवीच्या चैत्राच्या यात्रेत, लोक देवळासाठी चुनखडीचे खडे वेचतात त्या दिवशी. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून जायचं ना त्या गर्दीत. "बरा हाय," एवढंच म्हणतो आणि ठेवतो. दर वेळी नंबर दुसराच, कुणाकडनं तरी मागून घेतलेला. उलटा लावला तर भलताच माणूस बोलतो.

दर वर्षी नामदेव ठरवायचा, यंदा म्हणायचंच, "घरी ये." दर वर्षी शब्द जुळवेपर्यंत फोन कट. यंदा तर त्यानं माझ्यासमोर पाठ केलं होतं. "बाळू, चुकलं माझं. घरी ये." पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं. मी म्हणालो, "आता पास व्हतोस गड्या!"

पण मधेही कधी तरी बाळू फोन करील, ही त्याला आशा. आणि त्याच्या फोनवर दिवसातनं वीस फोन नको त्यांचे. कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या. प्रत्येक वेळी म्हातारा घास टाकून उठायचा, "हॅलो, कोण? बाळू?" पलीकडनं कुणी पोरगी पाठ केलेलं बोलायची. त्याचं तोंड उतरायचं. मला ते बघवायचं नाही.

मीच रुक्मिणीला म्हणालो, "ह्याच्या फोनात तुझी शिष्टीम घाल. हा ताप बंद कर."

तिनं घातली. नामदेव समोर चहाला गेला होता. ती म्हणाली, "आबा, हितं एक बटण हाय. ओळखीचे नंबर सोडून बाकीचे वाजतच न्हाईत. पण काकांना इचारू द्या."

"त्याला काय इचारायचं? कर बंद! पार कडेकोट कर!"

बाळूचा नंबर दर वेळी नवा असतो, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण जन्म कुलपांत गेलेला माणूस. उघडं दिसलं की हात आधी बंद करायला जातो.

*

फोन एकदम शांत झाला. "लई सुख झालं रं किसन," नामदेव म्हणाला. महिनाभर पोटभर जेवला.

चुनखडीच्या दिवशी तो यात्रेत गेलाच नाही. गर्दीत ऐकू येणार नाही म्हणून आमच्या दुकानात फोन मांडीवर घेऊन बसला. सकाळपासनं ओठ हलत होते. दुपार झाली, पालखी पुढं गेली, माणसं परतायला लागली. दिवस कलला तसा तो उठला.

"इसरला आसंल," म्हणाला. "कामाचा मानूस हाय आता."

चार दिवसांनी रुक्मिण त्याचा फोन तपासत होती. तिचा हात थांबला.

"आबा," ती हळूच म्हणाली, "यात्रेदिवशी ह्या नंबरवरनं तीन फोन आलेत. वाजले न्हाईत."

नामदेवनंच तो नंबर लावला. स्पीकरवर होता, आम्ही ऐकलं. कुणी ट्रकवाला होता. म्हणाला, "हां, ढाब्यावर एका माणसानं मागितला होता फोन. तीनदा लावला त्यानं. मग परत दिला."

"काय म्हणला का?"

"म्हणला, म्हातारा अजून रागातच हाय. उचलत न्हाय."

नामदेवनं फोन खिशात घातला आणि संध्याकाळची वाट न बघता उठून घरी गेला. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

रुक्मिणीनं ते बटण तिथल्या तिथं काढलं. पुढचा चैत्र लांब आहे. बाळू परत लावील की नाही, कोण सांगणार?

वीस फोन पुन्हा सुरू झाले. काल आम्ही दोघं बसलो होतो. फोन वाजला. नामदेव उठला, कानाला लावला. कर्जवाली पोरगी होती. मला वाटलं, आता तोंड उतरणार.

तो खाली बसला. तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"न्हाय बाई, कर्ज नगं," तो म्हणाला. "आवाज येतोय ना माझा नीट? … व्हय, जेवलो. तू जेवलीस का? … बरं. आन् उद्याबी कर हां फोन. ह्याच टायमाला पायजे असं न्हाय, कदीबी कर. म्या उचलतो."