कंगव्याच्या डोक्याची मागची बाजू

सोफ्यांच्या शोरूममध्ये त्याला सगळे कंगवा म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठ पुरती वळायच्या आतच, म्हणजे त्याला ऐकू जायचंच. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक काळा कंगवा, आणि डोक्यावर जे काही उरलं होतं ते विंचरायला खरं तर एक काडीही पुरली असती. डाव्या कानावरून निघालेली एक बट तो रोज सकाळी पाणी लावून, जीव मुठीत धरून उजव्या कानापर्यंत पोचवायचा. पंख्याखाली तो कधी उभा राहिला नाही. शोरूममध्ये एसी बसला तेव्हा मालकापेक्षा जास्त आनंद त्याला झाला होता.

विकण्यात मात्र पक्का. गिऱ्हाईक आत आलं की नवऱ्याकडे तो बघायचाच नाही. बायकोची नजर ज्या सोफ्यावर अडकली, त्याच्यासमोर जाऊन आडवा उभा राहायचा.

"हा नका बघू ताई. हा बुक झालाय."

झालं! जो सोफा तिला नुसता बरा वाटत होता, तो आता हवाच. मग हा सुस्कारा सोडायचा, "थांबा, तुमच्यासाठी एक फोन करून बघतो" म्हणायचा आणि कोपऱ्यात जाऊन बंद मोबाईल कानाला लावून "हो साहेब... समजू शकतो साहेब..." करत कपाळ पुसायचा. सोफा गेलाच म्हणून समजा. आणि कुणी भाव न पटून निघालंच, तर त्याचा हात दाराच्या मुठीवर पडेपर्यंत हा गप्प. मूठ फिरली रे फिरली की हाक: "अहो साहेब, निघालात कुठं? बसा तर खरं!" मुठीआधीची हाक म्हणजे लाचारी, मुठीनंतरची म्हणजे उशीर. हे शास्त्र त्याचं स्वतःचं होतं आणि नव्या पोरांना तो ते शिव्या घालत शिकवायचा.

अशा माणसाला धाकट्या मालकांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावलं. धाकटे मालक वाक्य कधी पुरं करत नसत.

"काका, म्हणजे कसंय ना... फ्लोअरवर आता जरा फ्रेश... वाईट नका वाटून घेऊ हां... तुम्ही गोदामाचं जर... पुढच्या वर्षापासून... बघू या ना."

बोलताना त्यांची नजर कंगव्याच्या डोळ्यांवर नव्हती, चार बोटं वर होती. आणि गोदाम म्हणजे मागची पत्र्याची शेड. धूळ, थर्माकोल, टेम्पोवाल्यांची भांडणं. ज्याच्यासमोर फोन करून बघावा असा एकही माणूस तिथं फिरकत नाही. गिऱ्हाईकासमोरचा हा फ्लोअर गेला तर आपण कोण?

"गोदाम काय वाईट आहे?" बायको म्हणाली. ती औषधांच्या ठोक दुकानात काम करायची आणि घरीही औषधासारखंच बोलायची, कडू आणि थोडं. "तिथं खोटं बोलायला कुणी नाही. घशाला आराम."

"मी केस लावून घेणार आहे."

"लावा की. अक्कल पण लावतात का विचारून या."

ही कल्पना मेव्हण्याची. बायकोचा हा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी केस लावून आला होता, आणि तेव्हापासून दर वाक्याला त्यातून एकदा हात फिरवल्याशिवाय त्याचं वाक्य पुढे सरकत नसे. "भाऊजी, एकच सांगतो," हात फिरला, "एकच, दोन नाही सांगत," हात फिरला, आणि मग तो पंधरा गोष्टी सांगायचा. समोरून मात्र खरंच रान माजलं होतं. कंगव्याला ते डोकं बघितलं की जेवण जात नसे. लहानपणापासून ज्याला "ए शेंबड्या" म्हटलं, त्याच्या कपाळावर केस भुरभुरतात म्हणजे काय!

तर मेव्हण्याने जिथं स्वतःचे केस लावले, त्या क्लिनिकमध्ये तो त्याला घेऊन गेला. सगळीकडे काच, मंद सुवास, पाण्याच्या ग्लासात लिंबाची चकती. समुपदेशक बाई "सऽऽर" म्हणाल्या की त्यातला "स" निघून "र" पोचेपर्यंत माणूस बसून घ्यायचा.

"सऽऽर, आमचे रिझल्ट्स बघा ना सऽऽर."

टॅबवर फोटो. डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा. कंगव्याने पाच-सहा सरकवले आणि त्याला हसूच फुटलं.

"बाई, डावीकडच्याचे केस ओले का?"

"सर?"

"ओले केले की टाळू दिसते. आणि दिवा वरून मारलाय. उजवीकडे केस वाढवलेत, पुढे विंचरलेत, दिवा बाजूनं. डावीकडे मान खाली, उजवीकडे हनुवटी वर. आणि किती महिन्यांनी काढला ते कुठंच नाही. अहो, आम्ही पण फाटक्या सोफ्यावर पिवळा दिवा सोडतो! सर्जन कोण आहेत? सुई कोण धरतं? ते की तुम्ही?"

"सऽऽर, आमची टीम..."

"टीम क्रिकेटला असते."

बाईंचं हसू ओठांवरून न हलता डोळ्यांतून निघून गेलं. मेव्हणा जिना उतरताना तणतणला, "इज्जत घालवलीत माझी! फोटो सोडा, मी आहे ना? जिवंत? मला दिवा मारलाय का कुणी?"

रान खरंच होतं.

मग बायकोने एका सर्जनबाईंचं नाव दिलं. "दुसऱ्यांनी वाट लावलेली डोकी शेवटी तिच्याकडे जातात, असं आमच्या दुकानात बोलतात. जा आणि तिथं तोंड सांभाळा."

तो गेला. दोन लहान खोल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि दाराशी टेबल टाकून बसलेला एक सपशेल टकला माणूस, डोकं असं की वरचे दिवे त्यात मोजून घ्यावेत. कंगवा मनात म्हणाला, वा! मिठाईच्या दुकानात उपाशी माणूस बसवलाय.

सर्जनबाई बोलायच्या म्हणजे शब्दागणिक त्यांना कुणी दंड करतंय असं. "बसा. मान खाली. आणखी." भिंग लावून त्यांनी बराच वेळ मागचं डोकं बघितलं, पुढचं फार थोडं. त्याला ते उलटंच वाटलं.

"नवे केस कुणीच बनवत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या पट्टीतले टिकाऊ केस उचलून पुढे लावायचे. उचलले तिथं परत येत नाहीत. तुमची पट्टी विरळ आहे, आणि वरचे अजून गळतायत. आत्ता पुढे दाट भरलं तर दोन-चार वर्षांत पुढे झुडूप, मध्ये मैदान, आणि मागे काढायला काही नाही. वर्षभर औषध घ्या. गळणं थांबलं तर पुढे थोडे लावू. वयाला शोभतील एवढेच."

"म्हणजे आत्ता नाही?"

"नाही."

कंगव्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळखीचं हसू पसरलं. धंद्यातल्या माणसाला धंद्यातला माणूस भेटल्यावर येतं तसं.

"मॅडम, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "'हा बुक झालाय.' वीस वर्षं हाच सोफा विकतोय मी. आता फोन करून बघा, आणि सांगा, कधी जमवताय."

"काय?"

"नाही म्हटलं की माणूस मागे लागतो. माहितीये मला. पुढचं बोला."

सर्जनबाईंनी भिंग टेबलावर ठेवलं. "बाहेर," त्या म्हणाल्या. दंड परवडेल असा तो एकच शब्द होता.

तो उठला, आरामात. दाराशी गेला. मुठीवर हात ठेवला आणि थांबला. आता हाक येणार. मूठ अर्धी फिरवली. आता. कंगवा काढून बट सारखी केली. मूठ पुरी फिरवली, दार उघडलं, बाहेरच्या खोलीत आला, तिथल्या दाराशीही थांबला.

"ढकला," टकला माणूस म्हणाला. "ओढू नका. ढकलायचं आहे ते."

खाली रस्त्यावर येऊन तो पानाच्या टपरीशी उगाच उभा राहिला, जिन्याकडे तोंड करून. कुणी आलं नाही. त्या आठवड्यात फोनही आला नाही. काचेच्या क्लिनिकमधून मात्र रोज यायचा: "सऽऽर, तुमच्यासाठी तारीख धरून ठेवलीये सऽऽर." हा डाव कंगव्याला कळत होता, पण कळणाऱ्या डावाचं एक बरं असतं, अपमान वाटत नाही. त्या बाईने आपल्याला हाक मारली नाही, हे मात्र त्याला आतून कुरतडत होतं. हाक न मारता कुणी कसा धंदा करतं?

"घमेंडखोर बाई आहे," त्याने घरी जाहीर केलं. "स्वतःच्या दाराशी टकला बसवते. मी तुझ्या भावाच्याच क्लिनिकमध्ये करतोय. रविवारी."

"ज्यांचे फोटो खोटे म्हणून आलात तिथंच?"

"फोटो खोटे असतील. तुझा भाऊ खोटा आहे का?"

"आहे," बायको म्हणाली. "लहानपणापासून आहे."

रविवारी दुपारी मेव्हणा न्यायला आला. कॉलर उभी, केस मानेवर वाढवलेले. "भाऊजी, एकच सांगतो," हात फिरला, "आज सही करून टाकू, म्हणजे..."

"पंखा लाव रे," बायको त्याला म्हणाली.

"नको ना ताई, केस विस्कटतात."

हे वाक्य कंगव्याच्या कानात खडा पडावा तसं पडलं. पंख्याला घाबरणाऱ्या माणसाला तो आरशातून ओळखत होता. त्याने मेव्हण्याकडे नीट बघितलं. मेव्हणा भिंतीला टेकून उभा होता. मागच्या वेळी? भिंतीला टेकून. गाडीत? सीटला टेकून. शोरूममधला तो कोपऱ्यातला निळा सोफा! समोरून मखमल, आणि मागे स्वस्त जाळीदार कापड पिना मारून ताणलेलं. म्हणून तर तो भिंतीला पाठ लावून ठेवायचा. स्वतः कंगव्यानेच ठेवला होता. टॅबवरच्या सगळ्या फोटोंत समोरची डोकी होती आणि मागचं डोकं एकही नव्हतं; दिवे मोजणाऱ्या या शहाण्याने ते मागितलंच नव्हतं.

"वळ," तो म्हणाला.

"आँ?"

"पाठ दाखव."

"काय भाऊजी, वेडेपणा..."

"वळ म्हणतात ना ते!" बायकोने भावाची कॉलर धरली, लहानपणी धरायची तशीच, गर्रकन फिरवला आणि मानेवरचे केस दोन्ही हातांनी वर केले.

कसर लागलेल्या शालीसारखं डोकं. इथं भोक, तिथं भोक, मध्ये चार केस पाहुण्यांसारखे अवघडून उभे.

"सोड ताई! दुखतंय!"

"मागे ठेवलंय काय रे यांनी?"

"समोरून तर दिसतं ना चांगलं!" मेव्हणा किंचाळला. "माणसं समोरूनच बघतात!"

"आणि मला का नेत होतास?" कंगव्याने विचारलं. आवाज इतका हळू होता की बायकोने वळून बघितलं.

मेव्हण्याने कॉलर सारखी केली. या वेळी हात फिरवला नाही. "माणूस आणला तर ते मागचं दुरुस्त करून देणार आहेत. फुकट."

"कुठल्या केसांनी? उरलेत कुठं?"

"दाढीतले लावतो म्हणालेत."

बायको आधी हसली आणि मग तिने शेजारची उशी उचलून भावाच्या तोंडावर अशी फेकली की त्याचं सगळं रान एका बाजूला झोपलं. "स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याचं डोकं विकायला निघालास? चालता हो!"

तो दाराशी गेला. मूठ धरली. थांबला. कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी कंगवा पुन्हा त्या दोन खोल्यांत. सर्जनबाईंनी मान वर केली नाही.

"दाराशी उभे राहणारे तुम्हीच ना?"

"माफी मागायला नाही आलो," तो गुरगुरला. "तुम्ही लावलेली डोकी बघायचीत. मागून."

तेव्हा कुठं त्यांनी वर बघितलं. "हे त्या दिवशी विचारायचं. केस लावून वर्ष उलटलेले दोघे गुरुवारी तपासणीला येतात. त्यांनी हो म्हटलं तर बघा. उन्हात नेऊन बघा."

"आणि बाहेरचा तो? त्याला का नाही लावलेत?"

"त्याच्या मागे पुरेसे नाहीत."

"तो ऐकतो कसा?"

"नवरा आहे माझा," सर्जनबाई म्हणाल्या. "ऐकत नाही. अजूनही रोज भांडतो."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "सगळं ऐकू येतंय मला!"

जी स्वतःच्या नवऱ्याला सोफा विकत नाही, तिचं 'नाही' म्हणजे खरंच 'नाही' होतं. कंगव्याने औषधाची चिठ्ठी घेतली, दार बरोबर ढकललं. गुरुवारी दोन्ही डोकी उन्हात नेऊन मागून, पुढून, ओली करून बघितली. ती माणसं वैतागली, पण खोट सापडली नाही. म्हणजे करायचं तर इथंच, आणि आत्ता नाही. म्हणजे नव्या वर्षाला डोकं हेच. म्हणजे गोदाम.

फ्लोअरवरच्या शेवटच्या दिवशी एक जोडपं आलं. बाईंची नजर थेट निळ्या सोफ्यावर. धाकटे मालक काउंटरवरून बघत होते, शेजारी नवा फ्रेश मुलगा उभा. कंगवा गेला, पण आडवा उभा राहिला नाही. त्याने सोफा दोन्ही हातांनी धरला आणि कर्रर्र आवाज करत भिंतीपासून ओढला.

"मागून बघा ताई," तो म्हणाला. चांगुलपणाचा यात काही संबंध नव्हता; हा गोदामाचा निव्वळ सूड होता आणि तो त्याला फार गोड लागत होता.

बाईंनी जाळीचं कापड बोटाने दाबलं. बोट आत गेलं. "शी!" त्या म्हणाल्या. जोडपं दाराकडे निघालं.

"काका," धाकटे मालक कुजबुजले. "काका, ते बघा... अहो, हाक..."

नवऱ्याचा हात मुठीवर पडला.

"काका!"

मूठ फिरली. नेमकी वेळ. कंगव्याने खिशातून कंगवा काढला, धाकट्या मालकांकडे पाठ केली, आणि मागचे केस, जे होते ते सगळे, सावकाश विंचरत उभा राहिला. दार उघडलं, आणि बंद झालं.