बॉम्बच्या ढगाखालचा तलाव

कामावर रंगाचा डबा उघडला की त्या वासासरशी लाखनीकडच्या आमच्या शाळेत मी रंगवलेलं अणुबॉम्बचं पोस्टर आठवतं. बॉम्बचा ढग अळिंबीसारखा असतो असं सरांनी सांगितलं, म्हणून मी पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या, भाजीच्या सात्याच रंगवल्या. "अबे, याची त भाजी कर!" म्हणत वर्ग हसला. आता सर कागद फाडतील म्हणून मी तो पोटाशी धरला. सर हसले नाहीत, ते उपकार मी विसरलो नाही. म्हणाले, "खाली आपला तलाव काढ. हा पडला त ते पाणी कोणालेच पेता येणार नाही." मी तलाव काढला, काठावर पाणी न्यायला पितळी गुंड घेतलेली माय काढली. त्याच वर्षी शाळा सुटली. आता कामासाठी घरापासून इतक्या दूर आलोय, अन् युद्धाची बातमी ऐकली की घरी फोन लावतो. "माय, तलावात पाणी आहे ना?" "आहे ना बाबू. रोज काहून विचारून राहिला?"