पाठीवरचा नायटा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिनं माझ्या पाठीला मलम लावलं. नायटा होता आणि तिथं माझा हात पोहोचत नव्हता. तिलाही मनगटावर झाला होता, पण तो आमच्या वासरापासून आलेला, माझा कुणा माणसाकडून. चांगला लालभडक सुजला आणि लवकर बरा झाला. चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नायट्याच्या या दोन्ही बुरशा एकाच कुळातल्या, पण स्वभाव वेगळे. जनावराची बुरशी आपल्या अंगावर भडकते आणि जाते. माणसाची माणसात मुरलेली, म्हणून गुपचूप बसते आणि हटत नाही.

"माहा वासराचा, आला अन् गेला," मलम चोळत ती म्हणाली. "तुमचा तुमच्यावानीच चिवट. खाज गेली म्हणून मलम सोडाल तं मी पुन्हा लावून नाही देणार."

"लावशील. जाशील कुठं?" मी म्हणालो.

त्याच दुपारी तिचं हृदय बंद पडलं. संध्याकाळी तिला अग्नी देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीला खाज नव्हती. तरी मी उलथण्याला तिच्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळली, मलम घेतलं आणि पाठीमागं हात नेला. आधी जागा चुकली, मग बरोबर लागलं.