दामूनं घडवलेली हातभर नळी

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी माझं पोस्टिंग घोडबंदरच्या टेकडीवर होतं. रडार सेट लढाईच्या काळातला, जुना. मी हवालदार ऑपरेटर. 0600 ला सेट सुरू करायचा, खाडीतल्या बोटी स्क्रीनवर बघून वहीत नोंदवायच्या. धुकं असलं की कल्याण बंदरावरून येणाऱ्या आमच्या रेशनच्या लाँचला वायरलेसवर वाट सांगायची.

रडारची लहर अँटेनापर्यंत चौकोनी पितळी नळीतून जाते. तिला वेव्हगाईड म्हणतात. आमची अर्धी नळी खाऱ्या हवेनं खाल्ली आणि बदली नळी आली ती अरुंद मापाची. रुंद नळी एकदम अरुंद झाली की लहर तिथून मागे फिरते. यावर नाईक दामूनं तोड काढली. तो कल्याणचा, घरचा धंदा तांबटाचा. पत्रा ठोकून त्यानं हातभर लांब, निमुळता तुकडा घडवला आणि दोन्ही नळ्यांच्या मधे बसवला. तो जरासा वाकडाही होता.

"वाकडा चालेल का रे?" मी विचारलं.

"चालेल, साहेब. बदल हळूहळू व्हायला पाहिजे, बस. जागा बदलली हे लहरीला कळता कामा नये."

त्या दिवसापासून वसईकडच्या बोटी स्क्रीनवर स्वच्छ दिसू लागल्या.

मग इन्स्पेक्शन आलं. आम्ही पितळ घासून लखलखीत केलं, पण दामूच्या तुकड्यावर हातोडीचे ठोके दिसतच राहिले.

"हे वाकडंतिकडं काय आहे?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"बोटी त्याच्यामुळं दिसतात, सर."

"अनऑथराइज्ड आहे. काढा."

तुकडा कल्याणच्या वर्कशॉपला जमा झाला. त्याच्या जागी सरळसोट, चकचकीत जोड बसला. दिसायला देखणा, पण स्क्रीनवर खाडीच्या वळणापलीकडचं काही उमटेना. मी दोनदा लेखी कळवलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: सेट चालू आहे. चालू तर होताच, नुसता आंधळा होता. कागदावर डोकं आपटून घेण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. तिसऱ्या पत्रानंतर परवानगी मिळाली. तुकडा आणायला दामू स्वतः कल्याणला गेला.

परतीच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. ओहोटी लागायच्या आत निघणं भाग होतं, म्हणून लाँच निघाली. 0650 ला वायरलेसवर दामूचा आवाज आला.

"टेकडी, आम्ही दिसतोय का? ओव्हर."

"नाही. वेग कमी करा. ओव्हर."

"कमीच आहे. तुकडा मांडीवर घेऊन बसलोय, साहेब. दुपारपर्यंत बसवू. ओव्हर."

0704 ला मी पुन्हा हाक दिली. उत्तर आलं नाही. वळणापलीकडे रेती वाहणारा पडाव, मोठी होडीच ती, नांगरून उभा होता. लाँच त्याच्यावर आदळली. चालक आणि खलाशी पोहून काठाला लागले. दामू संध्याकाळी सापडला. तुकडा दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीत चिखलात मिळाला, टॉवेलात गुंडाळलेला. मी तो धुतला, वाळवला आणि बसवला. सेट सुरू केला तेव्हा पडाव अजून तिथंच होता. स्क्रीनवर इतका ठळक, की मला खुर्चीवरून उठावं लागलं.

पुढच्या इन्स्पेक्शनला तेच कॅप्टनसाहेब आले. त्या तुकड्यापाशी थांबले.

मीच सांगितलं, "नाईक दामू, सर. हा त्यानं घडवलाय."

त्यांनी टोपी काढली. टेकडीवर होतो तोवर तो तुकडा मी कुणाला घासू दिला नाही.