फुडच्या दाताचा रंग

नातीचं लगीन ठरलं तवा ती मुंबईसनं आली नि म्हनली, "आजी, मला दात पांढरे करून घ्यायचेत. चल ना श्रीवर्धनला, दवाखान्यात एकटीला भीती वाटते." मी गेली. माझा बी एक दात मनात व्हता, पन बोलली न्हाय.

फुडचा दात माझा अर्धाच. पन्नास वर्सं झाली आसतील. तवा मी दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलाया जायची. सुपारी सुकली का न्हाय ते कानाशी हलवून बघायचं. आतला गोटा वाजला की सुकली. समद्या बाया तशाच बघायच्या. मला धीर कुठला, मी दातानं दाबून बघायची. एक दिस सुपारी तशीच ऱ्हायली नि दाताचा तुकडा हातात आला.

शेजारची बाई म्हनली, "नीट बघून टाक गं, सुपारीत दात निघाला तर व्यापारी तुलाच हुडकत येल!"

समद्या हसल्या. मी बी हसली, पन तोंडाला पदर लावून.

माझे मालक, म्हंजी पोरांचे बा, मुंबईला गोदीत हमाली करायचे. शिमग्याला आले तर मी आपली पदराआडनं बोलते. "काय गं, माझी लाज वाटाया लागली काय?" मग दाखवला दात. "एवढंच व्हय? हस की. तू हसलीस की घरी आल्यासारं वाटतं." पन मला हसू आलं न्हाय. लई तरनी व्हती, वाटायचं, आता आपन वंगाळ दिसतो. मनात म्हनली, गनपतीला येतील तवा हसंन. गनपतीच्या आदीच गोदीत त्यांच्या अंगावर माल पडला.

फुडं दोन पोरं नि मी. सांगन्यासारं काय न्हाय, दिस काढले. पेज पोरांना घातली की मी मशेरी लावायची. मशेरीनं भूक मरते. दात काळे झाले, दाढा किडल्या, एक-एक पडल्या बी.

दवाखान्यात डॉक्टरीन नातीएवढीच. तिनं नातीचं तोंड बघितलं. म्हनली, "हिचे दात धड आहेत. फक्त रंग उजळायचा, म्हणजे दिसण्यापुरतं काम." मग माझ्याकडं बघून म्हनली, "आजी, तुम्ही पण बसा की."

बसली. आरसा घालून लई वेळ बघितलं तिनं. "दाढेला कीड आहे. साफ करून भरली नाही तर ही पण जाईल. ही झाली दुरुस्ती. हे मशेरीचे डाग काढले तर दात बरे दिसतील, पण खाली दगडासारखा थर बसलाय, तो हिरड्या खातोय. म्हणजे तीही दुरुस्तीच."

"आनि ह्यो फुडचा?"

"त्याचं मूळ अजून पक्कं आहे. आतून साफ करू, वर टोपी बसवू. दिसेल पण चांगला, नि चावता पण येईल. मशेरी मात्र सोडायला लागेल."

"सोडंन."

नात म्हनली, "आजी, बाबा इतकी वर्षं सांगतायत तेव्हा नाही सोडलीस!"

"तुझा बाबा दात देनार व्हता काय?"

चार-पाच खेपा झाल्या. हिरड्यांतनं रगत आलं, दाढ भरली. मग एक दिस डॉक्टरनीनं पट्टी काढली, तिला बारके-बारके दात लावलेले, एकेक रंगाचा. म्हनली, "नीट बघून सांगा. टोपीचा रंग मागनं बदलत नाही."

नातीनं समद्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. "हा घे आजी. लग्नात फोटोत चमकशील."

"तुमचा दात मोडायच्या आधीचा फोटो आहे का?" डॉक्टरनीनं इचारलं.

फोटो एकच, लग्नातला. त्यात मी मान खाली घातलेली, तोंड मिटलेलं. मी इचार करत बसली, माझा दात तवा कसल्या रंगाचा व्हता? घरात आरसा व्हता तो तळहाताएवढा, कुकू लावन्यापुरता. हसताना मी स्वताला कवा बघितलंच न्हाय. मला हसताना बघितलं ते मालकांनी. सांगितलं आसतं तर त्यांनीच. आता कोनाला इचारू?

 

मी शेजारच्या दाताला लावून एक पिवळसर काढला. "ह्यो द्या."

"अगं आजी, हा म्हातारा दिसतो!" नात म्हनली.

"मग मी कोन हाय? बाकीचे समदे दात माझ्यासंगट म्हातारे झाले. त्यो एकटा तरना कशाला पायजेल?"

आठवड्यानं टोपी बसवली. डॉक्टरनीनं हातात आरसा दिला नि म्हनली, "हसा बघू आजी."

हसली मी. दात बरा बसलाय, कोनाला वळखू यायचा न्हाय. नात टाळ्या वाजवत व्हती. मी आरशात बघत बसली. मालक ज्या बाईला हस म्हनायचे ती हीच आसंल, का दुसरी कोन, मला सांगता येईना. मग आरसा परत दिला नि नातीला म्हनली, चल, एसटी चुकंल.